काट्यावर की नगावर? मराठवाड्यातल्या थेट कोकरूविक्रीची पार्श्वभूमी

बकरी ईद जवळ आली की नांदेड, लातूर, बीड, धाराशिवकडच्या मोबाइल गटांवर कोकरांचे फोटो पडू लागतात. फोटोखाली वय, वजन आणि गाव. भाव क्वचितच लिहिलेला असतो, बहुतेकदा ‘भाव फोनवर’. वीस-पंचवीस मेंढ्यांची खांड असलेला माणूस आठवडी बाजाराची वाट धरण्याऐवजी गिऱ्हाईकालाच वाड्यावर, म्हणजे मेंढ्या बसतात त्या जागी, बोलावतो. बंदिस्त मेंढीपालन करणारे तरुण शेतकरीही याच वाटेने निघाले आहेत. हा प्रकार नवा म्हणून सांगितला जातो, पण मेंढपाळाने वाड्यावरूनच कोकरू देणं ही मराठवाड्यातली जुनी रीत आहे. मधली तीस-चाळीस वर्षं ती दबून गेली होती. ती का दबली हे पाहिल्याशिवाय आज तिच्यात काय अडतंय ते उमगणार नाही.

दख्खनी मेंढी काळी, काटक, भरड लोकरीची. पूर्वी तिचं उत्पन्न लोकर, लेंडी आणि कोकरू असं तीन तऱ्हेचं होतं, आणि महत्त्वाचा क्रमही तोच. वर्षातून दोनदा कातरण व्हायची, लोकर घोंगडी विणणाऱ्या सनगरांकडे जायची. सुगी उरकली की लेंडीच्या खतासाठी खांड शेतात बसवायची आणि त्या बदल्यात ज्वारी किंवा पैसे घ्यायचे. नर कोकरू अडीनडीला विकायचं. घेणारा ओळखीतला असायचा: गावचा खाटीक किंवा मुलाणी, नाहीतर कंदुरीचा, म्हणजे जनावर कापून जेवण घालण्याचा, नवस फेडायला निघालेलं घर. कंदुरीच्या गिऱ्हाईकाला काट्याशी, म्हणजे वजनाशी, देणंघेणं नव्हतं. अंगावर खोड नको, कान फाटलेला नको, रंग ठरलेला हवा, एवढं पाहून भाव नगावर, म्हणजे अख्ख्या जनावराला ठोक, तुटायचा. इसार हातावर ठेवला की सौदा पक्का. निजामी मुलखात मोठं गिऱ्हाईक हैदराबादचं होतं. मनमाड-सिकंदराबाद रेल्वेने ते जवळ आणलं, आणि देगलूर, बिलोली, उदगीर या पट्ट्याचा ओढा अजूनही तिकडेच आहे.

पुढे लोकरीचा भाव बसला. सरकारी प्रक्षेत्रांवर परदेशी मेंढे आणून लोकर सुधारण्याचे प्रयोग झाले, पण गिरणीच्या ब्लँकेटपुढे घोंगडी टिकली नाही. आज कातरणीची मजुरी लोकरीच्या पैशातून निघत नाही. त्यामुळे कोकरू आपसूक पहिल्या जागी आलं. जत तालुक्यातल्या माडग्याळचे उंच, लांब कानाचे मेंढे दख्खनी खांडीत सोडले जाऊ लागले, कारण त्यांची कोकरं लवकर वजन धरतात. बंगालच्या सुंदरबनातल्या गारोळे मेंढीतला जुळ्यांचा गुण दख्खनी मेंढीत आणण्याचं काम फलटणला झालं. हे सगळं मांसासाठी चाललं होतं. माल बदलला, पण विकण्याची रीत बदलली नाही. कोकरू नगावरच जात राहिलं.

या मधल्या काळात हेडी मजबूत झाला. हेडी म्हणजे गावोगाव फिरून जनावरं उचलणारा व्यापारी. त्याच्या लबाडीच्या गोष्टी पुष्कळ ऐकायला मिळतात आणि त्यातल्या काही खऱ्याही असतील. पण मेंढपाळ त्याच्याशी बांधला गेला तो उचलीमुळे. पोरीचं लग्न, दवाखाना, पावसाळ्याआधीची लस, यासाठी लागणारा पैसा हेडी जागेवर देतो आणि पुढच्या वेताची कोकरं आपल्या नावावर करून घेतो. फिरत्या, जमीन नसलेल्या माणसाला बँक दारात उभं करत नव्हती. १९७२ च्या दुष्काळापासून २०१२-१३ आणि २०१५-१६ पर्यंत प्रत्येक दुष्काळात ही गाठ घट्ट होत गेली. चारा छावण्या म्हणजे गाई-बैलांच्या, असाच रिवाज होता. शेळ्या-मेंढ्यांच्या छावण्यांना मंजुरी मिळाली ती २०१९ च्या उन्हाळ्यात. तोवर मेंढपाळाकडे दोनच वाटा होत्या, खांड घेऊन लांब जायचं किंवा मिळेल त्या भावात ती कमी करायची.

बाजाराच्या कायद्याबद्दल एक गैरसमज पसरलेला आहे. राज्याच्या १९६३ च्या कृषी उत्पन्न पणन कायद्याच्या अनुसूचीत मेंढ्या आणि शेळ्या आहेत, म्हणून बाजार समितीच्या आवाराबाहेर कोकरू विकणं बेकायदा, असं गावात सर्रास सांगितलं जायचं. त्याच कायद्यात उत्पादकाने स्वतःचा माल विकण्याला आणि घरच्या खाण्यासाठी घेणाऱ्याला सूट आहे. थेट विक्रीला कायद्याची आडकाठी नव्हती. बाजाराची खरी ताकद होती पावतीत. समितीची पावती म्हणजे जनावर चोरीचं नाही याचा पुरावा, आणि तो रस्त्यावर लागतो. वाड्यावरून घेतलेली पाच कोकरं टेम्पोत घालून निघालेल्या माणसाला नाक्यावर कुणी अडवलं की त्याच्याकडे दाखवायला काहीच नसतं. हेडीकडे पावती असते, नाहीतर तो ती मिळवतो. त्याच्या नफ्यात या कागदाचाही वाटा आहे.

२०१७ साली दोन गोष्टी एकदम घडल्या. राज्यात महामेष योजना आली: २० मेंढ्या आणि १ नर, ७५ टक्के अनुदान. त्याच वर्षी जूनमध्ये तेलंगणाने आपली मेंढीवाटप योजना सुरू केली. तिचीही मांडणी २० अधिक १, अनुदानही ७५ टक्के, गटाची किंमत सव्वा लाख, आणि मेंढ्या घ्यायच्या त्या राज्याबाहेरून. महाराष्ट्र, कर्नाटक, आंध्र इथून मेंढ्या तिकडे जाऊ लागल्या. सीमेवरच्या मेंढपाळाला आपल्या मेंढीला दुसराही गिऱ्हाईक आहे हे या निमित्ताने कळलं, आणि कळलेला भाव माणूस विसरत नाही. पण या ओघात चांगल्या, वयात आलेल्या माद्या गेल्या. २०१९ च्या पशुगणनेत राज्यात सुमारे २७ लाख मेंढ्या भरल्या, शेळ्या १ कोटी ६ लाख. शेळीच्या चौथ्या हिश्श्याएवढ्या मेंढ्या असलेल्या राज्यात पैदाशीच्या माद्या कुठे जातात, याकडे जेवढं लक्ष द्यायला हवं होतं तेवढं दिलं गेलं नाही.

मग २०२०. मार्चपासून आठवडी बाजार बंद. त्या वर्षीची बकरी ईद १ ऑगस्टला होती, आणि जुलैमध्ये राज्य सरकारने सांगितलं की जनावरांचे बाजार भरणार नाहीत, खरेदी ऑनलाइन किंवा फोनवरून करावी. एरवी असा आदेश कागदावर राहिला असता. पण खांडीत वर्षभर राखलेले नर उभे होते, आणि ईद सरली की त्यांचा भाव उतरतो हे सगळ्यांना ठाऊक होतं. मेंढपाळांच्या घरातल्या शाळकरी पोरांनी फोटो काढले, शहरातल्या ओळखीच्यांना पाठवले, त्यांनी पुढे पाठवले. पुढच्या वर्षीही निर्बंध राहिले आणि सवय पक्की झाली. आजच्या थेट विक्रीचा पाया या दोन ईदांत पडला, असं माझं मत आहे. त्याआधी आणि नंतर जी प्रशिक्षणं झाली त्यांचा वाटा त्या मानाने लहान आहे.

फोनवरून विक्री सुरू झाली आणि जुना प्रश्न नव्याने उभा राहिला: कोकरू वजनावर द्यायचं की नगावर? समोर उभं असलेलं जनावर गिऱ्हाईक हाताने पाहतो. फोनवर तो विचारतो, ‘किलो किती?’ या एका प्रश्नाने मेंढपाळांत दोन तट पडले आहेत. थेट विक्री टिकते की नाही ते बरंचसं या वादाच्या निकालावर ठरणार असल्यामुळे तो सविस्तर पाहायला हवा.

नगाचा सौदा कसा होतो? हेडी कोकराला पुढच्या दोन पायांमध्ये हात घालून उभं धरतो. बरगड्या संपतात तिथे पाठीच्या कण्यावर अंगठा आणि बोटं दाबतो. हाड टोचलं तर कोकरू खाली आहे, बोटाखाली मऊ लागलं तर भरलेलं आहे. मग मांडी चाचपतो, शेपटीचं मूळ पाहतो, ओठ वर करून दात बघतो. हे सगळं अर्ध्या मिनिटात. त्यानंतर रुमाल पडतो आणि त्याखाली बोटं दाबून भाव ठरतो, बाजूच्याला कळत नाही. रोज ढिगाने जनावरं हाताळणाऱ्या या माणसाचा वजनाचा अंदाज फारसा चुकत नाही. विकणारा वर्षाला दहा-पंधरा कोकरं विकतो. त्याचा अंदाज खांडीतल्या इतर कोकरांशी तुलना करून बांधलेला असतो, आणि खांडच हलकी असेल तर त्यातलं बरं कोकरू त्याला भारी वाटतं. नगाच्या सौद्यात दोघांपैकी एकालाच वजन माहीत असतं. तोटा होतो तो इथे.

म्हणून काटा हवा, असं एक बाजू म्हणते. सरकारी प्रक्षेत्रांवर पैदाशीची जनावरंही वजनावर दिली जातात, मग मेंढपाळाने का देऊ नये? हिशेबही सोपा आहे. २० किलोच्या कोकरातून ९ किलोच्या आसपास मटण पडतं. मुंडी, पाया, वजडी वेगळी. गावातला मटणाचा भाव सगळ्यांना माहीत असतो. त्याच्या निम्म्यापेक्षा जिवंत वजनाचा भाव किती खाली आहे एवढं पाहिलं तरी आपल्याला कुठे कापलं जातंय ते दिसतं.

दुसऱ्या बाजूचे आक्षेपही हसण्यावारी नेण्यासारखे नाहीत. मेंढी ही लक्ष्मी, तिला काट्याला टांगू नये, असं मानणारी जुनी माणसं आहेत. त्यांची समजूत बाजूला ठेवली तरी पोटाचा प्रश्न उरतो. चरून, पाणी पिऊन आलेल्या कोकराचं आणि रात्रभर उपाशी राहिलेल्याचं वजन यात दीड-दोन किलोचा फरक सहज पडतो. घेणारा म्हणतो सकाळी उपाशी मोजा, देणारा म्हणतो दुपारी मोजा. मीठ चारून पाणी पाजण्याचे प्रकार होतात, तसेच गिऱ्हाईक मुद्दाम उशिरा येऊन कोकरू ताटकळत ठेवण्याचेही. मग काटा कुणाचा? व्यापारासाठी वापरायच्या काट्याला २००९ च्या वैधमापन कायद्याप्रमाणे पडताळणीचा शिक्का लागतो. बाभळीच्या फांदीला टांगलेला, बाजारातून आणलेला डिजिटल हूक-काटा बहुतेक ठिकाणी बिनशिक्क्याचा असतो. पोत्याची झोळी करून त्यात कोकरू घालतात, ते हातपाय झाडतं, आकडा खालीवर नाचतो, आणि थांबलेला आकडा कुठला यावरून शब्दाला शब्द लागतो.

त्याहून मोठा आक्षेप मादीचा आहे. काटा मांस मोजतो. आईला जुळी झाली होती का, दूध भरपूर होतं का, दुष्काळात ती खांडीबरोबर टिकली का, हे काट्यावर येत नाही. सरसकट वजनावर विकायची सवय लागली तर पैदाशीची मादी खाटकाच्या भावात जाते. हाच तोटा जुळ्यांचा गुण असलेल्या मेंढ्यांबाबत अधिक बोचतो, कारण त्या जातीची कोकरं एकएकटी तोलली तर हलकी भरतात. ईदेच्या नराचंही तसंच. त्याला भाव मिळतो तो शिंगांमुळे, उंचीमुळे, निर्दोष अंगामुळे.

माझ्या मते मटणासाठी जाणाऱ्या चार-पाच महिन्यांच्या नराला काटा लावलाच पाहिजे, आणि वेळ दोघांनी आदल्या दिवशी ठरवावी: सकाळी, चरायला सोडण्याआधी, पाणी पाजण्याआधी. उपाशी वजन घेणाऱ्याच्या सोयीचं असतं हे खरं आहे. ते भावात धरून घ्यावं, पण वेळ बदलत ठेवू नये. मादी, ईदेचा नर आणि कंदुरीचं जनावर नगावरच जावं. जिथे लहान मेंढपाळांनी असा फरक पाळला तिथे गिऱ्हाईक पुढच्या वर्षी परत येतं, आणि उचल न घेता भागवण्याइतका रोकड पैसा मिळू लागतो. उचल थांबली तरच हेडीला ‘नाही’ म्हणता येतं.

केंद्राच्या २०२० च्या शेती कायद्यांचा या व्यवहाराशी आलेला संबंध थोडक्यात. बाजाराबाहेरच्या व्यापाराच्या कायद्यात ‘शेतमाला’च्या व्याख्येत कुक्कुटपालन, वराहपालन, शेळीपालन, मासे आणि दूध यांचे पदार्थ मोजले होते, मेंढीचं नाव त्यात नव्हतं. जानेवारी २०२१ मध्ये कायद्यांना स्थगिती मिळाली, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ते मागे घेतले गेले आणि मेंढीचा प्रश्न तिथेच राहिला.

त्यानंतरचे दोन निर्णय मात्र थेट वाड्यापर्यंत पोचले. २०२४ च्या जूनपासून कानात बिल्ला नसलेल्या जनावराची खरेदी-विक्री करू नये असा आदेश राज्यात निघाला. बारा आकडी क्रमांकाचा हा बिल्ला मेंढीच्या लहान कानाला जड पडतो, जखम चिघळते, काटेरी झुडपात अडकून कान फाटतो अशा मेंढपाळांच्या तक्रारी आहेत, आणि कान फाटलेला नर ईदेला कुणी घेत नाही. दुसरा निर्णय २०२५ च्या ईदेआधीचा. गोवंशाचं काम पाहणाऱ्या एका आयोगाने ३ ते ८ जून या काळात जनावरांचे बाजार भरवू नयेत असं बाजार समित्यांना कळवलं. ज्या आठवड्यात शेळ्या-मेंढ्यांना वर्षातला सर्वात चांगला भाव मिळतो तोच हा आठवडा. ओरड झाल्यावर ते मागे घ्यावं लागलं, पण तोपर्यंत गिऱ्हाईकांनी वाड्यांवर फोन सुरू केले होते.

बिल्ल्याचा एक उपयोग मात्र मेंढपाळांनीच शोधला. वाड्यावर सौदा झाला की वहीच्या पानावर देणाऱ्या-घेणाऱ्याचं नाव, गाव, बिल्ल्याचा क्रमांक, वजन, तारीख लिहून दोघं सही करतात, आणि कोकराच्या कानाचा फोटो फोनमध्ये ठेवतात. बाजाराच्या पावतीच्या जागी सध्या हीच चिठ्ठी चालते. तिला ठरलेला नमुना नाही. काही ठिकाणी तिच्यावर ग्रामपंचायतीचा शिक्का मागतात, काही ठिकाणी पशुवैद्यकाचा दाखला, आणि जिल्हा ओलांडला की काय लागेल ते टेम्पोवाल्यालाच विचारावं लागतं.