एका पानावर किती चित्रं?

लहान मुलांच्या ‘फळे’, ‘पक्षी’, ‘वाहने’ अशा चित्रपुस्तकांत एकेका पानावर आठ-दहा चित्रं दाटीवाटीनं बसवलेली असतात. तेवढ्याच पैशांत जास्त शब्द, असा आपला घेतानाचा हिशेब. पण नवा शब्द शिकताना ही गर्दीच आड येते.

इंग्लंडमधल्या ससेक्स विद्यापीठात झोई फ्लॅक आणि जेसिका हॉर्स्ट यांनी साडेतीन वर्षांच्या आसपासच्या मुलांना गोष्टी वाचून दाखवल्या. त्यांत अनोळखी वस्तू होत्या आणि त्यांची नावंही मुद्दाम बनवलेली, म्हणजे घरून शिकून आलेला शब्द मोजला जायला नको. पुस्तक उघडलं की काही मुलांना एकच चित्र दिसे, काहींना शेजारी-शेजारी दोन. एक चित्र पाहणाऱ्यांनी दुप्पट शब्द शिकले. कारण साधं आहे. वाचता न येणाऱ्या मुलाला तुम्ही कुठली ओळ वाचताय हे कळत नाही, त्यामुळे कानावर पडलेलं नाव नेमकं कुठल्या चित्राचं, हे त्यालाच शोधावं लागतं.

घरात आधीच गर्दीचं पुस्तक असेल तर ते टाकून द्यायला नको. याच अभ्यासात, वाचण्याआधी योग्य चित्रावरून नुसता हात फिरवला तेव्हा दोन चित्रांच्या पुस्तकातूनही मुलं शब्द शिकली. शिवाय जत्रेचं किंवा बाजाराचं भरगच्च चित्र थोड्या मोठ्या मुलांशी गप्पा मारायला झकास असतं. तिथं हेतूच वेगळा.

पानावर उघडायच्या झडपा असलेली, चित्र उभं राहणारी महागडी पुस्तकं मात्र मी शब्दांसाठी घेणार नाही. दीड-दोन वर्षांची मुलं अशा पुस्तकांपेक्षा साध्या फोटोंच्या पुस्तकातून प्राण्यांची नावं चांगली शिकतात, असं 2010 च्या एका अमेरिकी अभ्यासात दिसलं. हात झडपेत गुंतला की लक्षही तिथंच. या वयात कार्टूनपेक्षा फोटो बरा, कारण पुस्तकात शिकलेलं नाव खऱ्या वस्तूला लावणं त्यामुळे सोपं जातं.

आणि ढीगभर पुस्तकं लागत नाहीत. हॉर्स्ट यांच्याच 2011 च्या प्रयोगात तीन वर्षांच्या काही मुलांनी तीच गोष्ट पुनःपुन्हा ऐकली, काहींनी वेगवेगळ्या. नवे शब्द दोन्हीकडे सारख्याच वेळा आले होते, तरी तीच गोष्ट ऐकणाऱ्यांच्या ते जास्त लक्षात राहिले. पुढं काय होणार हे माहीत झालं की गोष्ट समजून घेण्याचा भार उतरतो आणि मुलाचं लक्ष अनोळखी शब्दाकडे जाऊ शकतं.