दुखतं पोटात, पॅच दंडावर का?

"पोट दुखून राहिलं, अन् पॅच दंडावर?" नागपुरात कॅन्सरच्या ओपीडीबाहेर हा प्रश्न ऐकू येतो आणि तो रास्तच आहे. कंबर दुखली की पट्टी आपण कमरेलाच लावतो. मग फेंटानिल या तीव्र वेदनेवरच्या औषधाचा पॅच दंडावर चिकटवून घरी पाठवणाऱ्या डॉक्टरांचंच काहीतरी चुकलं, असं वाटणारच.

फेंटानिल दुखऱ्या जागेवर काम करत नाही. ते कातडीतून रक्तात उतरतं आणि मज्जारज्जूत व मेंदूत पोचतं. वेदनेचा निरोप पुढे नेणाऱ्या चेतापेशींवर ओपिऑइड ग्राही असतात, म्हणजे फेंटानिलसारखी अफूच्या जातीची औषधं जिथे चिकटतात त्या जागा. फेंटानिल त्यांना चिकटलं की निरोप तिथेच मंदावतो. म्हणून छाती, पाठ, दंड, कुठेही चालतं. कातडी धड, सपाट आणि कोरडी हवी. केस असतील तर कात्रीने कापा, वस्तरा नको. जागा साबण-तेलाने नव्हे, साध्या पाण्याने पुसा.

खरी गंमत आहे ती कातडीच्या सर्वांत वरच्या थरात. मेलेल्या पेशींचा हा थर जेमतेम १० ते २० मायक्रोमीटर जाड. पेशी विटांसारख्या रचलेल्या आणि मधल्या सांध्यांत चरबीचा गारा. चरबीशी न जुळणाऱ्या औषधाला हा गारा वाट देत नाही. म्हणून मॉर्फिन हे अफूच्याच जातीचं औषध गोळीतून द्यावं लागतं. फेंटानिल चरबीत सहज विरघळतं, त्याचा रेणूही लहान, ३३६ डाल्टनचा (डाल्टन हे रेणूच्या वजनाचं माप; ५०० च्या पुढच्या रेणूंना कातडी सहसा आत घेत नाही). शिवाय वजनाला वजन धरलं तर ते मॉर्फिनच्या ८० ते १०० पट जोरकस. त्यामुळे तासाला २५ मायक्रोग्रॅम, म्हणजे दिवसभरात ०.६ मिलिग्रॅम पाझरलं तरी भागतं. तळपायाला लावून सकाळी काळे पडणारे, 'शरीरातलं विष ओढणारे' पॅच मात्र निव्वळ धंदा आहे. ते साध्या पाण्यानेही काळे पडतात.

गारा ओलांडायला वेळ लागतो. औषध आधी कातडीत साठतं, मग रक्तात झिरपतं. पहिल्या पॅचचा पुरता परिणाम दिसायला १२ ते २४ तास जातात, म्हणून आधीच्या गोळ्या लगेच थांबवत नाहीत. एक पॅच ७२ तास चालतो. ज्याचं दुखणं रोज वरखाली होतं, त्याची मात्रा आधी मॉर्फिनच्या गोळ्यांवर बसवतात. अफूच्या जातीची औषधं कधीच न घेतलेल्या माणसाने शेजाऱ्याकडचा उरलेला पॅच लावणं जिवावर बेतू शकतं.

आता आपला नागपूरचा मे महिना. पारा ४५ च्या आसपास, त्यात दुपारी वीज गेली की कूलर बंद. उष्णतेने तो चरबीचा गारा सैल होतो आणि कातडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावून औषध भराभर वाहून नेतात. ताप ४० अंशांवर गेला तर रक्तातलं फेंटानिल सुमारे एक तृतीयांशाने वाढू शकतं, असा अंदाज आहे. तेव्हा पॅचवर ऊन नको, शेक नको, गरम पाण्याची पिशवी नको. घामाने कडा सुटल्या तर उलटी अडचण: औषध कमी पडतं आणि घरच्यांना वाटतं, आजार वाढला.

गडचिरोली किंवा बालाघाटहून आलेला पेशंट दर आठवड्याला नागपूर गाठू शकत नाही. मग पाठपुरावा फोनवर. "बरं आहे" म्हणून उपयोग नाही. एका वहीत पॅच लावल्याची तारीख-वेळ आणि ० ते १० मधला वेदनेचा आकडा लिहा. मधेच कळ आली म्हणून मॉर्फिनच्या किती जादा गोळ्या लागल्या, झोप लागली का, शौचास कधी झालं, हेही लिहा. बद्धकोष्ठता या औषधांची सोबतीणच, तिला सरावाने उतार पडत नाही. पोट साफ होण्याचं औषध पहिल्या दिवसापासून हवं. जादा गोळ्या रोज तीन-चार लागत असतील, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता फोन करा.

वापरलेल्या पॅचमध्येही बरंच औषध उरतं. चिकट बाजू आत घेऊन दुमडा आणि पोरांच्या हाती लागणार नाही असा ठेवा.

पेशंट हलवूनही नीट जागा होत नसेल, श्वास मंदावला असेल, तर पॅच काढा आणि थेट दवाखाना गाठा. काढल्यावर शुद्ध आली म्हणून घरी थांबू नका. कातडीतला साठा झिरपतच असतो आणि रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायला १७ तास किंवा त्याहूनही जास्त लागू शकतात.