हौशी लोहारकाम (नागपूर)

पोटासाठी नव्हे, तर आवडीखातर लोखंड तापवून, ठोकून वस्तू घडवण्याचा छंद म्हणजे हौशी लोहारकाम. नोकरी सांभाळून रविवारी सकाळी अंगणात, गच्चीवरच्या पत्र्याखाली किंवा ओळखीच्या वर्कशॉपच्या कोपऱ्यात भट्टी पेटवणारे लोक त्यात येतात. त्यांच्या हातून होणाऱ्या वस्तू साध्या असतात : भिंतीतला आकडा, पानगे-रोडगे गोवऱ्यांच्या विस्तवातून काढायचा लांब चिमटा, सराटा, विळी, सुरी, कधी कुऱ्हाड, क्वचित दाराची कडी. यातली प्रत्येक वस्तू बाजारात स्वस्त मिळते, आणि हे घरच्यांनी ऐकवलेले नाही असा हौशी लोहार विरळा.

या छंदाचा कणा म्हणजे हातातले काम एकमेकांना दाखवण्याची रीत. इतर छंदांत तयार वस्तू मिरवतात. इथे अर्धवट, काळी, खपल्या (तापलेल्या लोखंडावर जमणारे पापुद्रे) धरलेली वस्तू पुढे ठेवतात. त्याला कारण आहे. घासून, चकाकी आणून, मूठ बसवलेली सुरी पाहणारे सगळेच तिला चांगली म्हणतात. ठोकताना पडलेली घडी, एका बाजूला ओढलेले पाते, जास्त तापून जळलेले टोक हे सारे घासण्याआधीच दिसते, आणि पोलादाच्या पोटात काय झाले ते तर तुकडा मोडल्याशिवाय कळतच नाही. म्हणून या वर्तुळात मोडलेल्या कामाला जेवढे प्रेक्षक मिळतात तेवढे चांगल्या कामाला मिळत नाहीत. एखादा विषय ‘ऐरणीवर आहे’ असे मराठीत म्हणतात, तेव्हा तो तापलेला आहे आणि अजून निकालात निघालेला नाही एवढेच सुचवायचे असते. हौशी लोहाराच्या बाबतीत हा वाक्प्रचार शब्दशः खरा ठरतो.

पूर्वपीठिका : नागपूरच्या परिसराला लोखंडाची ओळख फार जुनी. शहराजवळच्या जुनापाणी आणि माहुरझरी येथील शिळावर्तुळे ही महापाषाणीय (मोठे दगड रचून दफन करणाऱ्या) लोकांची दफने असून विदर्भातील अशा दफनांत लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, कट्यारी आणि घोड्याच्या लगामाच्या कड्या सापडल्या आहेत. पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे १९७०च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या उत्खननात लोखंड गाळण्याची मातीची भट्टी आणि तिच्यात वारा सोडणाऱ्या मातीच्या नळ्या मिळाल्या. तिचा काळ इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातला आहे. अशा भट्टीत लोखंड वितळत नसे (त्याला १,५३८ अंश सेल्सिअस लागतात). मळीने भरलेला सच्छिद्र गोळा हाती येई आणि तो ठोकून ठोकून शुद्ध करावा लागे. म्हणजे इथला पहिला लोखंड गाळणारा कारागीर ठोकण्यातही तरबेज असणे भागच होते. त्या काळच्या कुऱ्हाडींना दांड्यासाठी भोक नाही. पाते आडव्या लोखंडी पट्ट्यांनी दांड्याला आवळलेले असे. तापलेल्या जाड लोखंडात सरळ भोक पाडायला ज्याने एकदा घेतले आहे, त्याला या युक्तीचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

पुढे गावगाड्यात लोहार बलुतेदार झाला. विदर्भात मृग लागण्याआधी वखराची पास आणि नांगराचा फाळ पाजवून घ्यायला त्याच्या भात्यापुढे गर्दी असे, आणि मोबदला धान्यात मिळे. त्याशिवाय घिसाडी आणि गाडी लोहार ही फिरती कुटुंबे रस्त्याकडेला पाल ठोकून विळे, खुरपी, कढया, तवे करून विकतात. त्यांच्यात घण बहुधा बाई चालवते. पुरुष सांडशीने तापता तुकडा फिरवत छोट्या हातोडीने घाव कुठे पडायचा ते दाखवतो. ट्रॅक्टर, कारखान्यात तयार झालेली अवजारे आणि स्वस्त पत्रा यांनी या धंद्याचा बराच भाग खाल्ला. जे काम वंशाने गळ्यात पडलेले असते त्याला कोणी हौस म्हणत नाही. हातोडा खाली ठेवायची मुभा असलेल्यांच्या हाती तो आला, तेव्हा कुठे हा छंद झाला. त्यामुळे हौशी माणसाने रस्त्याकडेच्या लोहाराला ‘मिस्त्री, जरा शिकवा’ म्हणताना त्याच्या दिवसाच्या कमाईचा विचार करावा, ही अपेक्षा गैर नाही.

शिकण्याचा फरक बसण्या-उठण्यातही दिसतो. परंपरेतला लोहार जमिनीवर बसतो, त्याची ऐरण बुटकी आणि जमिनीत किंवा लाकडाच्या ओंडक्यात रोवलेली असते. पाश्चात्त्य पद्धतीत माणूस उभा राहतो आणि ऐरणीचा माथा लोंबत्या हाताच्या मुठीइतका उंच ठेवतो. उत्तर अमेरिकेत १९७३मध्ये कलावंत-लोहारांची संघटना स्थापन झाली आणि छंद म्हणून हे काम करण्याची आजची रीत बरीचशी तिकडून, चलतचित्रांमार्गे इथे आली. तिच्याबरोबर उभे राहणेही आले. बसून काम करणाऱ्याला घण मारणारा जोडीदार लागतो. एकटा हौशी माणूस उभाच बरा.

साहित्य : एका टोकाला शिंग असलेली ओतीव ऐरण महाग, म्हणून सुरुवात रेल्वेच्या रुळाच्या तुकड्यावर होते. ५२ किलो प्रति मीटर वजनाच्या रुळाचा फूटभर तुकडा सोळा किलोंच्या आसपास भरतो. तो आडवा ठेवला तर घावागणिक नाचतो. उभा रोवला तर हातोड्याखाली सगळे वजन येते आणि माथा लहान असूनही काम चांगले होते. मात्र रूळ, स्लीपरचे खिळे, रूळ जोडणारी फिशप्लेट ही रेल्वेची मालमत्ता आहे. ती बेकायदा जवळ बाळगणे हा १९६६च्या कायद्याने गुन्हा आहे. लिलावातून सुटलेला माल पावतीसह घेणे हाच मार्ग. रुळाच्या खिळ्याची सुरी करण्याची टूम जगभर आहे. मराठीत ‘विळा मोडून खिळा करणे’ म्हणजे मूर्खपणा, त्याचा हा उलटा प्रवास. पण त्या खिळ्यात कार्बन बेताचाच असल्याने सुरी दिसायला देखणी आणि धारेला बोथट निघते.

साधी सळई आणि पट्टी इतवारीतल्या लोहा ओळीत मिळते. बांधकामावरची टीएमटी सळई फुकट हाती लागते म्हणून नवखे तीच घेतात. तिच्या अंगावरच्या उंच रेघा ठोकल्यावर घड्या होऊन आत दबतात आणि पुढे तिथूनच भेग जाते. धारेच्या वस्तूंसाठी ट्रकच्या कमानीचे पाटे हा नागपूरचा हुकमी माल आहे. राष्ट्रीय महामार्ग ४४ आणि ५३ इथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे ट्रकची गॅरेजे भरपूर आणि तुटके पाटेही भरपूर. लकडगंजच्या आरागिरण्यांतून बाद झालेली पट्टाकरवत मिळाली तर तिचे आणि कमानीचे थर एकावर एक जोडून नक्षीचे पोलाद करण्याचा बेत पुष्कळांच्या मनात असतो. थर जुळवताना टाकणखार, म्हणजेच सवागी, भुरभुरतात. ती वितळून लोखंडावरची खपली विरघळवते आणि जोड स्वच्छ बसतो. हे काम बहुतेकांच्या हातून दोन-तीनदा तरी फसते.

अनोळखी भंगार ओळखायला ग्राइंडर पुरतो. मऊ लोखंडाच्या ठिणग्या लांब, सरळ रेघांसारख्या जातात. कार्बन जास्त असलेल्या पोलादाच्या ठिणग्या जवळच फुटून फुलबाजीसारख्या पसरतात. शंका असेल तर तुकडा तापवून, पाण्यात बुडवून ऐरणीवर आपटावा. काचेसारखा तुटला तर कामाचा, नुसता वाकला तर आकड्यांच्या ढिगात.

जळण : वेस्टर्न कोलफील्ड्सचे मुख्यालय नागपुरात आणि खाणी उमरेड, सावनेर, कामठीच्या पट्ट्यात असल्या, तरी हा दगडी कोळसा लोहाराच्या फार कामाचा नाही. तो कोक न होणारा आणि राखेचा. भट्टीच्या तळाशी खंगर (वितळून घट्ट झालेली राख) जमून वारा अडतो आणि दर थोड्या वेळाने सळईने उकरावे लागते. लाकडी कोळसा स्वच्छ जळतो, पण ठिणग्या उडवतो आणि भराभर संपतो. गच्चीवर काम करणारे गॅसभट्टीकडे वळतात : जाड नळकांडे, आत सिरॅमिक लोकरीचे अस्तर, बाजूने बर्नर. घरगुती सिलिंडर या कामाला लावता येत नाही. १९ किलोचा व्यावसायिक घ्यावा लागतो.

दोन कामे जवळून : नवख्याचे पहिले काम बहुधा पानाचा आकडा. सळईचे टोक निमुळते करायचे, त्याच्यामागे ऐरणीच्या काठावर मान काढायची, पुढचा भाग चपटा करून पान करायचे, बोथट छिन्नीने शिरा उठवायच्या आणि मग सळई वाकवायची. सगळी मेख मानेत आहे. ऐरणीची कडा तीक्ष्ण असेल तर मानेवर बारीक खाच पडते, पुढच्या घावांनी ती दबून दिसेनाशी होते आणि आकडा वाकवताना पान गळून पडते. अर्धवट काम पाहणारा जाणता माणूस म्हणूनच आधी पानाकडे नव्हे, मानेकडे पाहतो. ऐरणीची एक कडा कानशीने गोल करून घ्यावी, हा सल्ला प्रत्येकाला एकदा मिळतो आणि पहिले पान गळल्यावरच पटतो.

दुसरे काम सुरीचे. कमानीचा तुकडा पिवळसर-केशरी रंगापर्यंत तापवून ठोकतात आणि डाळिंबी लालीपर्यंत उतरला की थांबतात. त्याखाली ठोकत राहिले तर भेगा जातात. पांढरा होऊन ठिणग्या सुटल्या तर तो भाग जळाला, कापून टाकण्यावाचून इलाज नाही. हे रंग सावलीत दिसतात. उघड्या उन्हात डाळिंबी लालही काळेच भासते आणि माणूस लोखंड गरजेपेक्षा जास्त तापवतो. प्रस्तुत लेखकाची पहिली सुरी याच कारणाने वाया गेली : दुपारी दोनला, मोकळ्या अंगणात.

आकार आला की ‘पाणी’ द्यायचे. पाते तापवत अधूनमधून चुंबकाला लावून पाहतात. ७७० अंशांच्या सुमारास लोखंड चुंबकाला चिकटेनासे होते. तिथून थोडे पुढे नेऊन ते कोमट तेलात बुडवतात. कमानीचे पोलाद तेलासाठी असते. थंड पाण्यात बुडवले तर ‘टिक्’ असा बारीक आवाज येतो आणि काम संपते. तेलात बुडवले तरी शब्द ‘पाणी’च राहतो, माणसाचे पाणी जोखतात तेही इथलेच. आता पाते कडक पण ठिसूळ असते. ते घासून उजळ करतात आणि घरच्या ओटीजीत (विजेच्या छोट्या ओव्हनमध्ये) २०० अंशांच्या आसपास तासभर, दोनदा ठेवतात. पृष्ठभागावर गव्हाळ पिवळा रंग चढला की सुरीला पुरे. तपकिरी, जांभळा आणि ३०० अंशांजवळ निळा होईपर्यंत कडकपणा उतरत आणि चिवटपणा वाढत जातो. त्या दिवशी स्वयंपाकघरात तेलाचा वास राहतो. त्यावरून होणारे वाद या नोंदीच्या कक्षेबाहेरचे आहेत.

पाणी नीट बसले का, याची खरी परीक्षा म्हणजे सोबत पाणी दिलेला एक तुकडा शिकंज्यात धरून मोडणे. तुटलेला भाग राखाडी, रेशमी दिसला तर बरोबर. जाड रव्यासारखे कण चमकले तर पोलाद जास्त तापले होते. हा तुटका तुकडा खिशात घालून दाखवायला नेण्यात हौशी लोहाराला कमीपणा वाटत नाही, आणि दुसऱ्याचा तुकडा उजेडाकडे धरून पाहण्यातच निम्मे शिक्षण होते. मुठीसाठी साग किंवा शिसम. कुऱ्हाडीच्या दांड्याला मात्र विदर्भात धावड्याचा मान मोठा, कारण तो चिवट आहे.

निर्बंध आणि धोके : १९५९च्या शस्त्र कायद्याखालील नियमांत नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचे सुरे, तलवारी, कट्यारी ही हत्यारांत गणली जातात, घरगुती, शेतीच्या किंवा औद्योगिक वापरासाठी केलेली अवजारे त्यातून वगळली आहेत. कोयता आणि विळी चालते, तलवार हौस म्हणून चालत नाही. जस्ताचा मुलामा असलेला पाइप किंवा पट्टी भट्टीत घालणे ही नवख्यांची घातक चूक. जस्त ९०७ अंशांना उकळते आणि त्याच्या धुराने थंडी वाजून ताप भरतो. नायलॉनचा टी-शर्ट ठिणगीने अंगाला चिकटतो, म्हणून सुती कपडे. लाल तुकडा सिमेंटच्या फरशीवर पडला तर फरशीचे कपचे उडतात. भंगारातून आलेली बंद नळी कधीही तापवू नये.

नागपूरचा उन्हाळा या छंदाला मानवत नाही. मे महिन्यात पारा ४५च्या वर जातो तेव्हा भट्टी पहाटे पेटते किंवा पेटतच नाही. खरा हंगाम दसऱ्यापासून होळीपर्यंतचा. खंडेनवमीला ऐरण धुऊन, हातोडे मांडून, झेंडूची फुले वाहतात, आणि घरातल्या पूजेला न बसणारी मंडळीही या पूजेला बसतात. पावसाळ्यात एका रात्रीत गंज चढतो, म्हणून वस्तू अजून हाताला चटका देईल इतकी गरम असताना तिच्यावर मेण आणि जवसाचे तेल चोळतात. काळा, टिकाऊ लेप बसतो. जवस हे विदर्भातलेच पीक, तेल घाण्यावर मिळते. मात्र त्या तेलाच्या चिंध्या गोळा करून कोपऱ्यात टाकल्या तर त्या हवेतला प्राणवायू घेत आपोआप तापतात आणि पेटतात. म्हणून त्या तारेवर पसरून वाळवतात किंवा पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवतात.