ब्रिटनमधील जुनी चित्रपटगृहे

साधारण १९०९ ते १९४० या काळात ब्रिटनमध्ये खास चित्रपट दाखवण्यासाठी बांधलेल्या इमारती. दुसऱ्या महायुद्धानंतर लगेचच्या काळात त्या देशात साडेचार हजारांहून अधिक चित्रपटगृहे चालू होती. त्या पिढीतल्या फार थोड्या इमारतींत आज चित्रपट लागतो. बाकीच्या पाडल्या गेल्या किंवा त्यांचे बिंगो हॉल (आकडे जुळवण्याच्या जुगाराची सभागृहे), चर्च, पब, बाजार, व्यायामशाळा झाले. खिडक्या नसलेले, उतरत्या जमिनीचे, हजार-दोन हजार माणसे मावतील असे एकच प्रचंड दालन घरांना किंवा कार्यालयांना उपयोगाचे नसते. माणसे जमवणारा दुसरा कोणी धंदा किंवा पंथ मिळाला तिथे इमारत टिकली. न मिळाल्यास जमिनीची किंमत वरचढ ठरली.

आगीचा कायदा आणि पहिल्या इमारती

ल्यूमिएर बंधूंचे चलच्चित्र लंडनमध्ये प्रथम दाखवले गेले ते फेब्रुवारी १८९६ मध्ये, रीजंट स्ट्रीटवरील पॉलिटेक्निक संस्थेच्या सभागृहात. (मुंबईच्या वॉटसन हॉटेलमधला प्रसिद्ध खेळ त्याच वर्षी ७ जुलैला झाला.) पुढची दहा-बारा वर्षे चित्रपटाला स्वतःचे घर नव्हते. जत्रेतले तंबू, संगीत-विनोदाच्या कार्यक्रमांची थिएटरे, गावातली सभागृहे, रिकामी दुकाने, जिथे पडदा टांगता येईल तिथे खेळ होत.

हे चित्र बदलले ते आगीच्या भीतीने. त्या काळची फिल्म नायट्रेटची असे; ती झटकन पेट घेई आणि एकदा पेटली की विझवणे जवळपास अशक्य. १९०९ च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने प्रक्षेपणाची खोली अग्निरोधक आणि प्रेक्षकांपासून वेगळी असणे बंधनकारक केले आणि परवाने देण्याचे काम स्थानिक प्रशासनाकडे सोपवले. १ जानेवारी १९१० पासून तो लागू झाला. दुकानाच्या गाळ्यात खेळ लावणाऱ्यांना या अटी झेपणाऱ्या नव्हत्या, आणि देशभर नव्या इमारतींची लाट आली. ब्रायटनचे ‘ड्यूक ऑफ यॉर्क्स’ (१९१०), लंडनच्या पोर्टोबेलो रोडवरचे ‘इलेक्ट्रिक’ (१९११), स्कॉटलंडमधल्या बोनेसचे ‘हिप्पोड्रोम’ (१९१२) आणि कॅम्पबेलटाउनचे ‘पिक्चर हाउस’ (१९१३) ही त्या लाटेतली उरलेली नावे. ‘इलेक्ट्रिक’ हे नाव तेव्हा गावोगावी दिसे, कारण विजेचे दिवे हेच मुळात आकर्षण होते.

कायदा होऊनही धोका संपला नाही. ३१ डिसेंबर १९२९ रोजी स्कॉटलंडमधल्या पेझली येथील ‘ग्लेन’ चित्रपटगृहात मुलांच्या खास खेळाच्या वेळी फिल्मच्या डब्यातून धूर पसरला. मुले दाराकडे धावली, पण बाहेरचे जाळीदार फाटक बंद होते. चेंगराचेंगरीत आणि गुदमरून ७१ मुले दगावली. त्यानंतर बाहेर पडण्याचे मार्ग आणि मुलांच्या खेळांवरील देखरेख यांचे नियम कडक झाले.

या काळातली एक जागा केवळ तिच्या युक्तीसाठी नोंदवण्याजोगी आहे. लिंकनशरमधील वुडहॉल स्पा इथले ‘किनेमा इन द वुड्स’ (१९२२) हे जुन्या क्रीडा-मंडपाचे रूपांतर. छताच्या लाकडी कैच्या झोताच्या आड येत असल्याने चित्र पडद्याच्या मागच्या बाजूने, आरसा वापरून टाकले जाई.

राजवाडे

१९२० च्या दशकाच्या उत्तरार्धात आकार झपाट्याने वाढले. ग्लासगोच्या ‘ग्रीन्स प्लेहाउस’मध्ये (१९२७) चार हजारांहून अधिक आसने होती, लंडनमधील किलबर्नच्या ‘गोमाँ स्टेट’मध्येही (१९३७, वास्तुविशारद जॉर्ज कोल्स) तेवढीच. बोलपट येण्यापूर्वी वाद्यवृंद लागत असे, नंतर त्याची जागा जमिनीखालून वर येणाऱ्या वुर्लिट्झर किंवा कॉम्प्टन कंपनीच्या ऑर्गनने घेतली. जोडीला चहाची दालने, नृत्यगृहे आणि दोन चित्रपटांच्या मध्ये रंगमंचावर नाच-गाणी. शैलीबाबत कसलाच संकोच नव्हता. तुतनखामेनची कबर १९२२ मध्ये सापडल्यावर इजिप्शियन खांबांची चित्रपटगृहे निघाली. फिन्सबरी पार्कच्या ‘अस्टोरिया’त (१९३०) प्रेक्षक स्पॅनिश गावाच्या चौकात, चांदण्या लुकलुकणाऱ्या छताखाली बसत.

या सगळ्यांत टूटिंगच्या ‘ग्रॅनाडा’ची (१९३१) बरोबरी दुसऱ्या कोणाला करता आलेली नाही. बाहेरचा भाग सेसिल मेसी यांचा, साधा आणि भारदस्त. आत थिओडोर कोमिसारजेव्स्की या रशियातून आलेल्या नाट्यदिग्दर्शकाने मध्ययुगीन सरदाराच्या वाड्यासारखे प्रवेशदालन, आरशांची लांब ओळ आणि गॉथिक कमानींनी भरलेले प्रेक्षागृह उभे केले. या गॉथिकला वास्तुशास्त्राचा फारसा धाक नाही. नेपथ्य उभारावे तशी ही सजावट आहे, मुख्यतः गिलाव्याची. तीन हजारांवर माणसे इथे काही पेन्सांत संध्याकाळ काढीत.

‘ओडियन’ या चित्रपटगृहांच्या साखळीचा रस्ता वेगळा. बर्मिंगहॅमचा ऑस्कर डॉइच हा भंगार-धातूच्या व्यापाऱ्याचा मुलगा. त्याचे पहिले ‘ओडियन’ १९३० मध्ये पेरी बार येथे उघडले. हॅरी वीडन यांच्या कार्यालयाने पुढे या साखळीला एक ठरीव चेहरा दिला: पिवळसर झिलईच्या फरशांची वळणदार भिंत, एखादा उभा मनोरा, रात्री निऑनच्या रेषा. खर्च बाहेर, आत काटकसर. किंगस्टँडिंग (१९३५) आणि सटन कोल्डफील्ड (१९३६) ही त्याची उत्तम उदाहरणे. लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमधले काळ्या दगडाचे ‘ओडियन’ १९३७ मधले. मुंबईचे ‘रीगल’ (१९३३) किंवा ‘इरॉस’ (१९३८) पाहिलेल्याला ही आर्ट डेकोची भाषा ओळखीची वाटेल. १९४१ मध्ये डॉइच वारला तेव्हा साखळीत अडीचशेहून अधिक चित्रपटगृहे होती. ती पुढे जे. आर्थर रँक या पिठाच्या गिरण्यांच्या मालकाच्या समूहात गेली.

ओहोटी

१९४६ मध्ये ब्रिटनमध्ये सुमारे १६३ कोटी तिकिटे विकली गेली, म्हणजे दरडोई वर्षाला तीसहून अधिक. १९८४ मध्ये हा आकडा ५.४ कोटींवर आला. दोष सहसा दूरचित्रवाणीला दिला जातो आणि तो बराचसा बरोबर आहे. १९५३ चा राणी एलिझाबेथचा राज्याभिषेक घरोघरी पाहिला गेला, १९५५ मध्ये व्यापारी वाहिनी आली. पण शहराबाहेरच्या नव्या वसाहतींत राहायला गेलेली कुटुंबे, मोटारी आणि १९६० पर्यंत चालू राहिलेला करमणूक कर यांचाही वाटा होता. शिवाय मालकांनी पैसा कुठे लावला हेही पाहायला हवे. ‘ग्रॅनाडा’ साखळीचा मालक सिडनी बर्नस्टीन याने १९५६ मध्ये स्वतःच ग्रॅनाडा टेलिव्हिजन सुरू केले, आणि ‘एबीसी’ या चित्रपटगृहांच्या साखळीनेही त्याच वर्षी आपली वाहिनी काढली. चित्रपटगृहे रिकामी करणाऱ्या धंद्यात चित्रपटगृहवालेच भागीदार होते.

तग धरण्यासाठी मोठ्या दालनांचे तुकडे पाडण्यात आले. सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे बाल्कनी जशीच्या तशी ठेवून तिच्या खाली भिंत घालायची आणि मागच्या स्टॉलमध्ये (बाल्कनीखालच्या आसनांच्या जागेत) दोन छोटे पडदे बसवायचे. वरच्या मोठ्या पडद्याचा आवाज खाली ऐकू येई. लेस्टर स्क्वेअरचे ‘ओडियन’ अखंड राहिले, पण १९६७ मध्ये त्याची आतली मूळ सजावट बहुतांश काढून टाकली गेली.

बिंगो, चर्च आणि बाकीचे

१९६० च्या जुगारविषयक कायद्याने व्यापारी बिंगोला वाट मोकळी करून दिली. स्टॉलची जमीन सपाट करून टेबले मांडली की चित्रपटगृह बिंगोला तयार. रँकसारख्या कंपन्यांनी आपलीच तोट्यातली थिएटरे या धंद्याकडे वळवली. वास्तुप्रेमींनी तेव्हा नाके मुरडली, पण बिंगोवाल्यांनी छत गळू दिले नाही, झुंबरे उतरवली नाहीत आणि इमारत रोज उघडी ठेवली. टूटिंगचे ‘ग्रॅनाडा’ १९७३ मध्ये बंद पडून १९७६ पासून बिंगो हॉल झाले नसते, तर ते आज उभे असते असे मानायला फारसा आधार नाही. २००७ मधील धूम्रपानबंदीनंतर या धंद्यालाही उतार लागला. किलबर्नचे ‘स्टेट’ त्याच वर्षी बिंगोमधून बाहेर पडले आणि पेन्टेकोस्टल या ख्रिस्ती पंथाच्या एका चर्चकडे गेले.

कृष्णवर्णीय आणि स्थलांतरित समाजांच्या वाढत्या चर्चना एवढ्या मोठ्या जागा हव्याच होत्या. फिन्सबरी पार्कचे ‘अस्टोरिया’ आधी ‘रेन्बो’ हे रॉक संगीताचे थिएटर झाले होते. १९९५ मध्ये ते एका ब्राझिलियन चर्चने घेतले आणि त्याची दुरुस्ती केली. इथे नियोजन कायद्यातली एक बारीक तरतूद निर्णायक ठरत असे. १९८७ पासून इंग्लंडमध्ये चित्रपटगृह आणि बिंगो हॉल एकाच वापर-वर्गात होते, त्यामुळे अदलाबदलीला परवानगी लागत नसे. प्रार्थनास्थळ मात्र वेगळ्या वर्गात. वॉल्थमस्टोचे ‘ग्रॅनाडा’ (१९३०) २००३ मध्ये त्याच ब्राझिलियन चर्चने विकत घेतले, पण वापर बदलण्याची परवानगी स्थानिकांच्या विरोधामुळे मिळाली नाही आणि इमारत वर्षानुवर्षे कुलूपबंद राहिली. २०२० पासून चित्रपटगृह कोणत्याही वर्गात बसत नाही. प्रत्येक बदलासाठी अर्ज करावा लागतो.

पबच्या एका साखळीने लंडनच्या फॉरेस्ट हिलचे ‘कॅपिटॉल’ (१९२९) आणि व्हिट्स्टेबलचे जुने ‘ऑक्सफर्ड’ वापरात आणले. ग्लासगोचे ‘प्लेहाउस’ १९७३ मध्ये ‘अपोलो’ नावाने संगीताचे थिएटर झाले, १९८७ मध्ये पाडले गेले.

दक्षिण आशियाई लोकांच्या वाट्याला या इमारती निराळ्या प्रकारे आल्या. हिंदी चित्रपटांसाठी आधी रविवारी सकाळचे खेळ भाड्याने घेतले जात. मग थिएटरेच हाती आली. साउथॉलचे ‘पॅलेस’ (१९२९) जॉर्ज कोल्स यांनी चिनी देवळाच्या धर्तीवर, छपरावर ड्रॅगन बसवून बांधले होते. सत्तरच्या दशकात ते ‘लिबर्टी’ नावाने हिंदी चित्रपटांचे घर झाले. व्हिडिओ आल्यावर त्याचा बाजार झाला, २००१ मध्ये ‘हिमालया पॅलेस’ म्हणून पुन्हा पडदा लागला, २०१० मध्ये तो उतरला आणि बाजार परत आला. ड्रॅगन या सगळ्यातून टिकले.

संरक्षण

दोन महायुद्धांमधल्या इमारतींना वारसा मानायला ब्रिटनने वेळ घेतला. चित्रपटगृहांच्या अभ्यासकांची संघटना १९६७ मध्ये स्थापन झाली. टूटिंगचे ‘ग्रॅनाडा’ १९७२ मध्येच संरक्षित यादीत आले आणि २००० मध्ये त्याला सर्वोच्च, म्हणजे पहिली श्रेणी मिळाली. पण यादीत नाव असल्याने पाडकाम रोखता येते, चालवणारा मिळत नाही. बर्कहॅमस्टेडचे ‘रेक्स’ (१९३८) बंद पडल्यावर सोळा वर्षांनी, २००४ मध्ये पुन्हा उघडले. बोनेसचे ‘हिप्पोड्रोम’ २००९ मध्ये, कॅम्पबेलटाउनचे २०१७ मध्ये पुन्हा सुरू झाले. बर्मिंगहॅमचे १९०९ मधले ‘इलेक्ट्रिक’ मात्र फेब्रुवारी २०२४ मध्ये बंद झाले. वॉल्थमस्टोची इमारत स्थानिक परिषदेने २०१९ मध्ये विकत घेतली. मे २०२५ पासून तिथे सुमारे हजार आसनांचे विनोदी व नाट्यप्रयोगांचे थिएटर चालते.