मोफत वकील कोणाच्या वाट्याला कोणता? नागपूरच्या कोर्टात केसेस अशा वाटल्या जाण्यामागचा इतिहास

जिल्हा कोर्टाच्या पायऱ्यांवर कुहीकडची एक बाई परवा सांगत होती, "आम्हाला सरकारी वकील भेटला, पण तो तर आमच्याच पोराच्या विरोधात बोलून राहिला." तिची काहीच चूक नाही. सरकारी वकील म्हणजे पोलिसांची बाजू चालवणारा, आणि तिच्या पोरासाठी सरकारच्या खर्चाने जो उभा राहतो तो वेगळा, हे तिला कोणी समजावूनच सांगितलं नव्हतं. त्यात आता हा मोफत वकीलसुद्धा दोन प्रकारचा झालाय, एक पॅनलवरचा, म्हणजे आपली खाजगी प्रॅक्टिस सांभाळून नेमून दिलेली केस चालवणारा, आणि दुसरा लोकअभिरक्षक कार्यालयातला, पगारावरचा, पूर्णवेळ. कोणती केस कोणाकडे जाते आणि असं का, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

मुंबईत १९२४ सालीच लीगल एड सोसायटी निघाली होती आणि १९४९ मध्ये न्या. एन. एच. भगवतींच्या समितीने मुंबई प्रांतासाठी गरिबांना वकील देण्याचा अहवालही दिला. पण आपलं नागपूर तेव्हा मुंबईत नव्हतंच. आपण मध्यप्रांत-वऱ्हाडची राजधानी, १९३६ पासून स्वतःचं हायकोर्ट असलेलं शहर, १९५६ च्या राज्य पुनर्रचनेत ते हायकोर्ट जाऊन मुंबई हायकोर्टाचं खंडपीठ आलं. म्हणजे मुंबईच्या कागदांवर जे काही ठरलं ते आपल्यापर्यंत यायला तसाही वेळच लागला असता, आणि खरं सांगायचं तर त्या अहवालाचं मुंबईतही फारसं काही झालं नाही. १९५८ मध्ये सेटलवाडांच्या विधी आयोगाने १४ व्या अहवालात पुन्हा तेच सांगितलं की गरिबाला वकील मिळवून देणं ही सरकारची जबाबदारी आहे, उपकार नाही.

तोपर्यंत प्रत्यक्षात काय चालायचं, तर कोर्टात त्या वेळी जो ज्युनियर वकील हजर दिसेल त्याला न्यायाधीश म्हणायचे, "जरा याची बाजू बघा." १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम ३०४ आलं आणि सेशन्स केसमध्ये, म्हणजे खुनासारख्या गंभीर गुन्ह्याच्या खटल्यात, आरोपीला वकील परवडत नसेल तर सरकारी खर्चाने द्यायचाच असं झालं, पण सक्ती फक्त सेशन्सची, खालच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात ते लागू करायचं की नाही हे राज्यावर सोडलं. आणि नेमायचा तो वकील कसा हा प्रश्न तर तसाच राहिला. १९७४ च्या रणछोड माथुर वसावा केसमध्ये न्या. कृष्णा अय्यरांनी स्पष्टच बजावलं की गंभीर केसमध्ये नवख्या वकिलाला उपकारादाखल नेमू नका, पेलण्याइतका सक्षम माणूस द्या, त्याला तयारीला वेळ द्या, कागदपत्रं द्या. पन्नास वर्षं झाली या गोष्टीला आणि आजही भांडण त्याच तीन गोष्टींचं आहे.

१९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने कलम ३९अ आणलं, मोफत कायदेशीर मदत राज्याचं कर्तव्य झालं. मग १९७८ ची होसकोट केस, आपल्याच महाराष्ट्रातली. हायकोर्टाने शिक्षा तीन वर्षांवर नेली, निकालाची कॉपी जेलकडे पाठवली म्हणतात पण माणूस म्हणतो मला मिळालीच नाही, आणि सुप्रीम कोर्टात अपील पोचेपर्यंत चार वर्षांहून जास्त उशीर, शिक्षा भोगूनही झालेली. तिथे कोर्टाने ठरवलं की अपिलासाठीसुद्धा कैद्याला मोफत वकील आणि निकालाची मोफत प्रत हा हक्क आहे. १९७९ ला हुसैनआरा खातून, म्हणजे खटला न चालताच बिहारच्या जेलमध्ये वर्षानुवर्षं पडलेल्या कैद्यांची केस, १९८१ ला भागलपूरची खत्री केस, जिच्यात कोर्ट म्हणालं की मॅजिस्ट्रेटसमोर पहिल्यांदा उभं करतात तेव्हापासूनच वकील हवा. माझ्या मते सगळ्या इतिहासातली सगळ्यात महत्त्वाची ओळ हीच, कारण पहिल्या रिमांडच्या, म्हणजे कोठडी द्यायची की नाही हे ठरण्याच्या, वेळीच घरच्यांना काही कळत नसतं आणि पोराचं जे नुकसान व्हायचं ते तिथेच होऊन जातं. १९८६ च्या सुक दास केसमध्ये कोर्टाने हेही सांगितलं की आरोपीने मागितला नाही म्हणून वकील दिला नाही हे चालणार नाही, आणि २०१२ च्या कसाब निकालात पहिल्या हजेरीला हे सगळं सांगणं मॅजिस्ट्रेटचं बंधनकारक कर्तव्य केलं.

हक्क कागदावर असा वाढत गेला, पण तो पोचवणारा माणूस कोण? १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ ला लागू झाला, म्हणून ९ नोव्हेंबर विधी सेवा दिन. दिल्लीत नालसा म्हणजे राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण, मग राज्य प्राधिकरण, जिल्ह्यात प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा विधी सेवा प्राधिकरण, तालुक्याला समिती, अशी उतरंड बनली आणि काम चालवायला पॅनल आलं. जगात या कामाच्या दोन रीती चालत आलेल्या आहेत, इंग्लंडने १९४९ च्या कायद्याने खाजगी वकिलालाच सरकारी पैसा दिला आणि लॉस एंजेलिसने १९१४ मध्येच पगारी पब्लिक डिफेंडरचं ऑफिस उघडलं होतं. आपण मुख्यतः पहिला रस्ता धरला. २०१० च्या नालसा नियमांत पॅनलसाठी किमान तीन वर्षांची प्रॅक्टिस, दिवाणी, फौजदारी, कौटुंबिक, कामगार अशी वेगवेगळी पॅनलं, पक्षकाराकडून एक रुपयाही घ्यायचा नाही, आणि कामावर नजर ठेवायला मॉनिटरिंग कमिटी, हे सगळं आलं. पॅनलवर चांगली माणसं नव्हती असं कोणी म्हणू नये, मी स्वतः अशा वकिलांना बघितलंय जे आपल्या पैशाने झेरॉक्स काढून केस लढले. पण फी ठरावीक, तुटपुंजी, तीही उशिरा हातात येणारी, त्यामुळे स्वतःच्या पक्षकाराची आणि पॅनलची पेशी एकाच वेळी लागली की मागे कोण पडणार हे सांगायला नको.

एक केस अजून डोळ्यासमोर आहे. पॅनलच्या वकिलांनी पेशीच्या दिवशीच कागद हातात घेतले, साक्षीदार पिंजऱ्यात उभा, आणि चार्जशीटची पानं उलटत उलटत उलटतपासणी. आरोपी वळून वळून माझ्याकडे बघत होता कारण त्याच्या स्वतःच्या वकिलाचं नाव त्याला माहीत नव्हतं. २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाने अनोखीलाल केसमध्ये ठरवलं की फाशी किंवा जन्मठेपेची शक्यता असेल तिथे किमान दहा वर्षांचा अनुभव असलेलाच वकील नेमा आणि तयारीला साधारण किमान सात दिवस द्या, ते उगाच नाही.

या पार्श्वभूमीवर २०२२ ची नालसाची पगारी वकिलांच्या ऑफिसची योजना आली, आपल्याकडे तिचंच नाव लोकअभिरक्षक. एक मुख्य, खाली उपमुख्य आणि सहायक. मुख्याला फौजदारीतला दहा वर्षांचा अनुभव आणि किमान ३० सेशन्स ट्रायल चालवलेल्या हव्यात, उपमुख्याला सात वर्षं. नेमणूक करारावर, आधी दोन वर्षांची, आणि खाजगी प्रॅक्टिस पूर्ण बंद. वाटणी इथून बदलली. अटकेच्या वेळची मदत, रिमांड, जामीन, ट्रायल, जिल्ह्यातलं अपील, म्हणजे आरोपीच्या बाजूचं फौजदारी काम या ऑफिसकडे. पोटगी, घटस्फोट, जमिनीचे दावे, अपघाताचे क्लेम, पीडितेची बाजू हे पॅनलकडेच. आणि एकाच केसमध्ये दोन आरोपी एकमेकांवर ढकलत असतील तर एका ऑफिसने दोघांची बाजू घेणं बरोबर नाही, म्हणून एकाला पॅनलचा वकील. हायकोर्टाचा मामला वेगळा, तिथे सिव्हिल लाइन्सच्या दगडी इमारतीत विधी सेवा उपसमितीमार्फत वकील मिळतो, निकालाच्या पहिल्या पानावर नावापुढे 'नियुक्त' असं येतं आणि शेवटच्या परिच्छेदात त्यांची फी देण्याचा आदेश.

मला स्वतःला ऑफिसवाली पद्धत बरी वाटते आणि त्याचं कारण फार साधं आहे, त्याला पत्ता आहे. वर्धा रोडच्या सेंट्रल जेलमधून अंगठा उठवलेला, जेलरचा शिक्का मारलेला अर्ज येतो, रजिस्टरमध्ये चढतो आणि कोणत्या तरी ठरलेल्या माणसाच्या नावावर पडतो. रविवारी सुटीच्या कोर्टात रिमांडला पोलिस कोणाला घेऊन आले तर तिथे उभं राहणं हे आता कोणाचं तरी काम आहे, कृपा नाही. आई विचारत आली तर तिला एक खोली दाखवता येते. पण दोन गोष्टींची काळजी मनापासून वाटते. एक म्हणजे ज्या प्रधान जिल्हा न्यायाधीशांच्या समितीकडून निवड होते त्यांच्याच कोर्टांत या वकिलांना आरोपीसाठी भांडायचं असतं, आणि करार वाढणार की नाही हे डोक्यात असताना न्यायाधीशांसमोर ठामपणे हरकत घ्यायला छाती लागते. दुसरी, फायलींचा ढीग, सहायकांच्या हातात एका दिवसात किती बोर्ड, म्हणजे त्या दिवशीच्या केसेसच्या याद्या, येतात ते बघितलं तर पॅनलच्या काळातलीच घाई नव्या टेबलावर येऊन बसायला वेळ लागणार नाही.

आणि म्हणून पॅनल बंद पाडण्याची भाषा मला पटत नाही. रामटेक, उमरेड, काटोलच्या कोर्टात नवऱ्याने टाकलेली बाई पोटगीचा अर्ज घेऊन येते तेव्हा तिच्यासमोर पॅनलचाच वकील असतो, आणि तिथे फी वेळेवर देण्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. बाईला, अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला, कोठडीतल्याला उत्पन्नाची अटच नाही हेसुद्धा बहुतेकांना ठाऊक नसतं, १५१०० वर फोन करून विचारता येतं हेही नाही.

कुहीच्या त्या बाईला मी लोकअभिरक्षकांच्या खोलीपर्यंत सोडून आलो. तिथल्या मॅडमनी मुलाचं नाव, पोलिस स्टेशन, गुन्हा नंबर विचारला, तिला नंबर माहीत नव्हता, पिशवीतून घडी घातलेला कागद काढून तिने टेबलावर ठेवला आणि विचारलं, "हा वकील आपल्या बाजूचा ना?"