शकलचं कवच आणि देवगिरीची मिठाची पोती

दिवाळीच्या सुट्टीत भाचा लातूरहून आमच्याकडे संभाजीनगरला आला. सोबत क्लासच्या नोट्स होत्या, आणि फोनमध्ये पोकेमॉन, म्हणजे काल्पनिक प्राण्यांच्या लढतींचा खेळ. ब्राउझरमध्ये फुकट चालणारा लढतींचा सिम्युलेटर, त्यात खेळाच्या सातव्या पिढीचे, म्हणजे सातव्या आवृत्तीचे, नियम, समोर कुठल्या तरी देशातला अनोळखी खेळाडू. दोन दिवस तो ओळीने हरत होता. तिसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यानं फोन माझ्यापुढे सरकवला. "मामा, ह्या शकलइतका डिफेन्स दुसऱ्या कुणालाच नाही. मी सगळे पॉइंट डिफेन्सलाच टाकायलोय, तरी समोरच्या गारचॉम्प नावाच्या पोकेमॉनच्या तीन वारांत मरायलंय. हा गेमच चुकीचा हाय बघा."

गेम बरोबर होता. चूक होती ती एका समजुतीत, आणि ती फक्त भाच्याची नाही. ज्याचं जे बलस्थान, त्यातच भर घालत राहावं, असं आपल्याला आपोआप वाटतं. गणित चांगलं आहे ना, मग आणखी गणित कर. भिंत जाड आहे ना, मग आणखी जाड कर. ही समजूत कुठे आणि का फसते, हे दाखवायला मला इतकं स्वच्छ उदाहरण आजवर मिळालं नव्हतं, म्हणून हा लेख.

भाच्याच्या त्या प्राण्याचं नाव शकल. 1999 साली आलेल्या दुसऱ्या पिढीतला हा पोकेमॉन. लाल, भोकाभोकांचं कवच आणि त्यातून बाहेर आलेले पिवळे हातपाय. प्रकार कीटक आणि खडक. पोकेमॉनमध्ये प्रत्येक प्राण्याला जन्मजात सहा आकडे असतात. शकलचे असे: एचपी म्हणजे प्राणशक्ती 20, अटॅक 10, डिफेन्स 230, स्पेशल अटॅक 10, स्पेशल डिफेन्स 230, वेग 5. डिफेन्स दोन असण्याचं कारण मारही दोन जातींचा असतो. अंगानं दिलेला धक्का पहिल्या डिफेन्सवर येतो. आगीचा लोळ, विजेचा झटका दुसऱ्यावर. दोन्हीकडे 230 हा आकडा लढतीत वापरता येणाऱ्या दुसऱ्या कुठल्याही पोकेमॉनकडे नाही.

या जन्मजात आकड्यांवरून, सर्वांत वरच्या लेव्हल 100 ला, प्रत्येक प्राण्यागणिक वेगळे असणारे अंगभूत गुण पूर्ण 31 धरले तर शकलची प्राणशक्ती 181 होते आणि दोन्ही डिफेन्स 496. त्यावर खेळाडूला सरावाचे गुण वाटता येतात, ज्यांना खेळाडू ईव्ही म्हणतात. एकूण 510, एका रकान्यात जास्तीत जास्त 252, आणि दर 4 ईव्हीमागे रकान्यात 1 ची वाढ. म्हणजे एक रकाना पूर्ण भरला की 63 वाढतात, आणि पूर्ण असे दोनच रकाने भरता येतात. शिवाय स्वभाव नावाची एक गोष्ट असते, ती एक रकाना दहा टक्क्यांनी वाढवते आणि दुसरा दहा टक्क्यांनी घटवते. प्राणशक्तीला मात्र स्वभाव लागू होत नाही. भाच्यानं डिफेन्स वाढवणारा, अटॅक घटवणारा स्वभाव घेतला होता, ते योग्यच. नाहीतरी शकलच्या अटॅकला घटवण्यासारखं काही नसतं. ईव्हीचे दोन्ही पूर्ण रकाने त्यानं दोन डिफेन्सना दिले होते. त्याचा शकल झाला असा: प्राणशक्ती 181, डिफेन्स 614, स्पेशल डिफेन्स 559.

आता माराचा नियम पाहू. मारणाऱ्याचा अटॅक भागिले सोसणाऱ्याचा डिफेन्स, या भागाकाराला वाराच्या ताकदीनं आणि लेव्हलवरून ठरणाऱ्या एका संख्येनं गुणायचं, 50 नं भागायचं, 2 मिळवायचे. मग प्रकारांचा गुणक आणि शेवटी नशिबाचा: 85 ते 100 टक्क्यांतला कुठलाही एक. सगळ्याची गोम त्या भागाकारात आहे. डिफेन्स छेदात बसलेला आहे. तो दुप्पट केला की मार निम्मा होतो, शून्य कधीच होत नाही.

मग एखादा प्राणी किती वार सोसेल? एकूण प्राणशक्तीला एका वाराच्या मारानं भागायचं. पण मार स्वतःच डिफेन्सनं भागून आलेला, म्हणून भागाकाराचा भागाकार झाला आणि डिफेन्स उडी मारून वर अंशात आला. सोसण्याची ताकद म्हणजे प्राणशक्ती गुणिले डिफेन्स. बेरीज नव्हे, गुणाकार.

माझ्या दाजींचं शेत औशाकडे आहे. रानडुकरांपायी त्यांनी सोयाबीनला तारेचं कुंपण घातलं, तेव्हा आमच्यात हाच हिशेब झाला होता. तुमच्याकडे 100 मीटर तार आहे. 45 मीटर लांब आणि 5 मीटर रुंद पट्टा केला तर आत 225 चौरस मीटर जागा येते. तेवढ्याच तारेत 40 बाय 10 केलं तर 400, आणि 25 बाय 25 चा चौकोन केला तर 625. तार तीच. आता समजा तुमचा पट्टा 45 बाय 5 असाच ठरलेला आहे आणि कुणी 2 मीटर तार जास्तीची दिली. लांबी मीटरभर वाढवलीत तर 46 गुणिले 5, म्हणजे 230. पाचच मीटर वाढले. रुंदी मीटरभर वाढवलीत तर 45 गुणिले 6, म्हणजे 270. पंचेचाळीस वाढले! लहान बाजू वाढली की तिची वाढ मोठ्या बाजूच्या पूर्ण लांबीभर पसरते.

शकल हा 496 लांबीचा आणि 181 रुंदीचा पट्टा आहे. मूळ गुणाकार 89,776. एक रकानाभर सराव डिफेन्सला दिला तर 181 गुणिले 559, म्हणजे 1,01,179. वाढ तेरा टक्क्यांच्या आत. तोच सराव प्राणशक्तीला दिला तर 244 गुणिले 496, म्हणजे 1,21,024. वाढ जवळजवळ पस्तीस टक्के.

मी भाच्याला एकच बदल करायला सांगितला. स्पेशल डिफेन्सला दिलेले 252 काढ आणि प्राणशक्तीला दे. तो तयार होईना. "मग आगीचा मार जास्त बसंल की!" वार मोठा बसेल हे खरंच आहे, कारण स्पेशल डिफेन्स 559 वरून 496 वर उतरतो. पण गुणाकार पाहा. आधी 181 गुणिले 559 होता, आता 244 गुणिले 496. म्हणजे 1,01,179 वरून 1,21,024. आगीपुढची ढाल पातळ केली आणि आगीपुढेच तो जास्त टिकाऊ झाला. धक्क्याच्या बाजूला तर 1,11,134 वरून 1,49,816. एका रकान्याचं नुकसान करून दोन्ही बाजूंनी फायदा! हे पहिल्यांदा कागदावर मांडलं तेव्हा मी दोनदा तपासलं होतं, आणि मला अजून ते सुंदर वाटतं.

ज्यांना थोडं पुढं जायचं आहे त्यांच्यासाठी. प्राणशक्तीला प, डिफेन्सला ड म्हणू. एक गुण प ला दिला तर गुणाकार ड नं वाढतो. ड ला दिला तर प नं. दोन्ही वाढी सारख्या होतात तिथे प बरोबर ड, हाच तो चौकोन. पण प्राणशक्ती दोन्ही जातींच्या मारापुढे कामी येते आणि डिफेन्स एकाच. म्हणून दोन्ही मार सारख्याच प्रमाणात येणार असतील तर दोन्ही डिफेन्स एकत्र वाढवावे लागतात, त्यांचा खर्च दुप्पट, आणि तोल सरकतो: प्राणशक्ती दोन्ही डिफेन्सच्या बेरजेइतकी व्हावी. शकलसाठी ती बेरीज 992. तो 244 वर अडकलेला. आदर्श जागा इतकी दूर असल्यानं निवडीचा प्रश्नच उरत नाही; प्राणशक्तीचा रकाना भरेपर्यंत दुसरीकडे बघायचं नाही. स्वभावाचा न्याय मात्र उलटा, कारण तो टक्क्यांनी वाढवतो. 559 चे दहा टक्के 55 गुण देतात, म्हणून तो मोठ्या आकड्यालाच द्यायचा.

दुपारी आम्ही देवगिरीला गेलो. खंदकावरच्या पुलावर उभं राहून मान वर केली की तासून उभा केलेला कडा दिसतो. एवढा चढायला कठीण किल्ला दख्खनेत क्वचितच असेल. पुढे ती अंधारी, म्हणजे काळोखी भुयारी वाट, जिच्यात भर दुपारीही हात दिसत नाही. हा शकल आहे, दगडाचा. तरीही 1296 मध्ये अलाउद्दीन खिलजी चालून आला तेव्हा रामदेवराय यादवांना शरण जावं लागलं. मुख्य सैन्य बाहेर होतं, आणि घाईत किल्ल्यावर चढवलेली धान्याची पोती उघडली तर आत मीठ निघालं, असं सांगितलं जातं. कडा आणखी पन्नास फूट उंच असता तर एक दिवसही जास्त मिळाला नसता. धान्याचं एकेक पोतं मात्र त्या पूर्ण कड्याच्या उंचीनं गुणलं गेलं असतं. भाचा अंधारीतून बाहेर आल्यावर म्हणाला, "म्हणजे भिंत 230 आणि ज्वारी 20." मला याहून नेमकं सांगता आलं नसतं.

पण नुसतं टिकून जिंकता येत नाही. अटॅक 10 चा प्राणी मारणार कुणाला? इथे दुसरं गणित येतं, विषाचं. टॉक्सिक नावाची चाल सातव्या पिढीपर्यंत जवळजवळ कुठल्याही पोकेमॉनला शिकवता येई. तिचं विष पहिल्या टर्नला प्राणशक्तीचा सोळावा भाग खातं, दुसऱ्या टर्नला दोन सोळांश, तिसऱ्याला तीन. बेरीज करत जा: 1, 3, 6, 10, 15, 21. शाळेत पाहिलेल्या त्रिकोणी संख्या. सोळा ओलांडले की खेळ खलास, म्हणजे सहावी टर्न. शकलला सहा टर्न काढायच्या आहेत, बस.

गारचॉम्पचा जास्तीत जास्त अटॅक 394 असतो. त्याच्या अर्थक्वेक या चालीचा मार 614 डिफेन्सच्या शकलवर 69 ते 82 बसतो. 181 प्राणशक्तीचा शकल सलग तीन वारांत मरणारच. लेफ्टओव्हर्स ही प्राणशक्ती भरून देणारी वस्तू धरून दर टर्नला 11 परत मिळाले तरी. 244 चा शकल दर टर्नला 15 परत मिळवतो आणि तिसरा वार हमखास पचवतो. आता एक टर्न टॉक्सिक, मग एकाआड एक टर्न प्रोटेक्ट, म्हणजे त्या टर्नचा वार अडवणारी चाल, असं खेळलं तर सहा टर्नमध्ये तीनच वार बसतात. तिसऱ्या वारापर्यंत चार वेळा प्राणशक्ती परत मिळते. भाच्याच्या जुन्या शकलकडे 181 आणि 44 मिळून 225, तर तीन वारांचा सरासरी मार 226 च्या घरात. निव्वळ नाणेफेक. नव्याकडे 244 आणि 60 मिळून 304, आणि तीन वारांचा सर्वांत वाईट मार 246. क्रिटिकल, म्हणजे नशिबानं बसणारा जादा जोराचा वार, बसला नाही तर मरण्याचा प्रश्नच येत नाही.

यावरून 'अजिंक्य शकल' अशा मथळ्याचे व्हिडिओ बनतात, त्यांवर विश्वास ठेवू नका. पोलाद आणि विष प्रकारच्या पोकेमॉनना टॉक्सिक लागतच नाही. समोरच्यानं टॉन्ट नावाची चाल टाकली की शकलच्या टॉक्सिक आणि प्रोटेक्टसारख्या चाली बंद. समोरच्यानं गडी बदलला की विषाची मोजणी पुन्हा एकपासून. पाणी, खडक, पोलाद या तीन प्रकारांचा मार त्याला दुप्पट बसतो.

या खेळात भाबड्या समजुतीही कमी नाहीत. पोकेमॉन पकडायचा चेंडू फेकल्यावर बटण दाबून धरलं की पोकेमॉन नक्की सापडतो, असं जगभरची मुलं वर्षानुवर्षं मानत आली. नशिबाचा आकडा बटणाकडे बघत नाही. असल्या समजुतीत निदान जीव जात नाही. आपल्याकडे मांडुळाच्या बाबतीत जातो. बोथट शेपटीमुळे ते दुतोंडी वाटतं. संकट आलं की अंगाचं वेटोळं करून डोकं आत लपवायचं आणि शेपूट डोक्यासारखी वर धरायची, म्हणजे शत्रूचा चावा कमी महत्त्वाच्या जागी पडतो. बिनविषारी सापानं शोधलेला हा सुरेख बचाव. त्यालाच लोक गुप्तधन काढणारा साप समजतात, आणि लाखांच्या बाता मारून त्याची चोरटी विक्री होते. ज्या शेपटीनं त्याला मुंगसापासून वाचवायचं, त्याच शेपटीपायी तो माणसाच्या पोत्यात जातो. कुठे असा व्यवहार दिसला तर वनखात्याला कळवा, ही माझी हात जोडून विनंती.

भाचा भाऊबीज झाल्यावर परत गेला. त्या रात्री त्याचा मेसेज आला: "मामा, ब्लिसीचं उलटं निघालं." ब्लिसी म्हणजे गुबगुबीत गुलाबी पोकेमॉन, जन्मजात प्राणशक्ती 255 आणि डिफेन्स फक्त 10. खाली वहीच्या पानाचा फोटो होता. 651 गुणिले 56, बरोबर 36,456. प्राणशक्ती वाढवली तर 714 गुणिले 56, बरोबर 39,984. डिफेन्स वाढवला तर 651 गुणिले 119, बरोबर 77,469. शेवटच्या आकड्याभोवती त्यानं लाल पेनानं चौकोन काढला होता, आणि बाजूला लिहिलं होतं: दुपटीच्या वर.