स्वतंत्र पक्ष: विचार मुंबईत, मते परराज्यांत

काँग्रेसच्या नागपूर अधिवेशनात जानेवारी १९५९ मध्ये संयुक्त सहकारी शेतीचा ठराव संमत झाला नसता, तर खासगी मालकी आणि मुक्त उद्योगाचा पुरस्कार करणारा स्वतंत्र पक्ष बहुधा जन्मालाच आला नसता. शेतकऱ्यांनी जमिनी एकत्र करून कसाव्यात, ही कल्पना चक्रवर्ती राजगोपालाचारी (राजाजी), शेतकरी नेते प्रा. एन. जी. रंगा आणि मिनू मसानी यांना खासगी मालकीवरचे आक्रमण वाटली. जूनमध्ये मद्रासला पक्षाची घोषणा झाली, ऑगस्टच्या आरंभी मुंबईत तयारीचे अधिवेशन भरले. रंगा अध्यक्ष झाले, मसानी सरचिटणीस.

पक्षाला लागणारा पैसा आणि वैचारिक दारूगोळा मुंबईत आधीच तयार होता. अर्थतज्ज्ञ ए. डी. श्रॉफ यांनी १९५६ मध्ये ‘फोरम ऑफ फ्री एंटरप्राइज’ हे खासगी उद्योगाचा पुरस्कार करणारे व्यासपीठ स्थापन केले होते. दादाभाई नवरोजी रस्त्यावरील त्याच्या कार्यालयातून खिशात मावतील अशा पातळ इंग्रजी पुस्तिका निघत आणि कर, परवाने, राष्ट्रीयीकरण या विषयांवरील व्याख्याने त्यांत छापली जात. गंमत अशी की, नियोजनात सरकारला मोठे स्थान देणाऱ्या १९४४ च्या ‘बॉम्बे प्लॅन’ या उद्योगपतींच्या आराखड्यावर याच श्रॉफ यांची सही होती, आणि मुंबईचे महापौरपद भूषवलेले मसानी १९३४ मध्ये काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत होते. समाजवादाचे हे टीकाकार त्याला बाहेरून पाहणारे नव्हते, हे ध्यानात घेतल्याशिवाय त्यांच्या भाषेतला कडवटपणा उमगत नाही. जे. आर. डी. टाटा यांनी तर १९६१ मध्ये पंडित नेहरूंना पत्र लिहून, काँग्रेसबरोबरच स्वतंत्र पक्षालाही देणगी देण्याचा टाटा समूहाचा विचार कळवला होता.

१९६२ मध्ये लोकसभेत १८ आणि १९६७ मध्ये ४४ जागा मिळवून हा पक्ष सर्वांत मोठा विरोधी पक्ष झाला. गुजरात विधानसभेत त्याचे ६६ आमदार होते आणि ओरिसात आर. एन. सिंहदेव यांच्या नेतृत्वाखाली त्याचे आघाडी सरकार आले. महाराष्ट्रात मात्र त्याचे पाय रोवले गेले नाहीत. गुजरातेत पक्षाचे नेते भाईलालभाई पटेल यांच्यामागे जो बागायतदार पाटीदार गेला, त्याच्या तोडीचा इथला शेतकरी सहकारी साखर कारखान्यांमुळे काँग्रेसमध्येच राहिला. कारखाना, जिल्हा बँक आणि पक्ष यांची सूत्रे बहुधा एकाच घरात असताना त्याने सरकारपासून मुक्ती कशासाठी मागावी? विरोधाची जागा शेतकरी कामगार पक्ष, समाजवादी आणि रिपब्लिकन यांनी व्यापलेली होती. संस्थानिकांचा पक्षातला वावरही इथे उपकारक ठरण्यासारखा नव्हता. मसानींनाही लोकसभेत जाण्यासाठी राजकोट गाठावे लागले.

१९ जुलै १९६९ रोजी १४ बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. त्याला आव्हान देणारे रुस्तम कूपर पक्षाच्याच वर्तुळातले होते. विधिज्ञ नानी पालखीवाला यांच्या युक्तिवादानंतर सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९७० मध्ये तो कायदा रद्दबातल ठरवला, परंतु सरकारने तातडीने नवा कायदा करून बँका आपल्याकडेच राखल्या. त्याच १९६९ साली कंपन्यांनी राजकीय पक्षांना देणग्या देण्यावर बंदी आली आणि मुंबईच्या उद्योगपतींकडून येणारा ओघ उघड मार्गाने तरी थांबला. १९७१ मध्ये अवघे ८ खासदार उरले, पुढच्या वर्षी राजाजी गेले आणि १९७४ मध्ये पक्ष चरणसिंगांच्या भारतीय लोकदलात विलीन झाला.

मुंबईतील मोजक्या मंडळींनी, विशेषतः पक्षाचे जुने कार्यकर्ते एस. व्ही. राजू यांनी, ही विचारधारा टिकवून धरली. तिला खरा अडसर आला तो कायद्याचा. १९८९ मध्ये लोकप्रतिनिधित्व कायद्यात आलेल्या कलम २९-अ नुसार नोंदणी मागणाऱ्या प्रत्येक पक्षाने समाजवादाशी निष्ठा जाहीर करणे बंधनकारक झाले. जो पक्ष समाजवादाला विरोध करण्यासाठीच स्थापन झाला, त्याच्या नावाने नोंदणी मागणाऱ्यांनी खोटी निष्ठा लिहून द्यावी की नोंदणीवर पाणी सोडावे, हा प्रश्न नव्वदच्या दशकात याचिकेच्या रूपाने मुंबई उच्च न्यायालयापुढे गेला.

मराठी शेतकऱ्यापर्यंत हा विचार पोहोचवला तो शरद जोशी यांनी, आणि तोही शेतमालाच्या भावाच्या भाषेत. शेतकरी संघटनेतून त्यांनी १९९४ मध्ये स्वतंत्र भारत पक्ष काढला. राज्यसभेत असताना ती निष्ठेची अट काढून टाकण्यासाठी त्यांनी खासगी विधेयकही मांडले. कलमातला तो शब्द मात्र आजही तसाच आहे.